सँडब्लास्टिंगच्या आधी कड्या मोजा

तुमचा प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धातला युनिव्हर्सल कॅरियर (ट्रॅकवर चालणारं छोटं चिलखती वाहन) हाती आलाय. तीसेक वर्षं एका शेडमध्ये उभा होता. इंजिन जाम आहे, डावा ट्रॅक (लोखंडी कड्यांचा पट्टा) तुटून शेजारी पडलाय, तळाला गंज आहे. सगळं खोलून आधी सांगाडा सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने खरवडून, रंगवायचा, मग इंजिन, शेवटी ट्रॅक, असा तुमचा बेत आहे. तो बरोबर आहे का, आणि वेळ किती लागेल?

माझ्या मते बेत उलट्या टोकाकडून सुरू होतोय. तुमच्या प्रश्नाच्या आत खरा प्रश्न वेगळाच आहे: हा कॅरियर पुन्हा आपल्या ट्रॅकवर चालेल, वळेल आणि थांबेल एवढा माल त्याच्यात शिल्लक आहे का? याचं उत्तर रंगात नाही, इंजिनातही नाही. ते जमिनीला टेकणाऱ्या भागांत आहे. चाकांच्या जुन्या गाडीला टायर नवे मिळतात. इथे ट्रॅक, चाकं, स्प्रिंगा आणि ब्रेक मिळूनच गाडी होते, आणि खर्च आणि वेळही सगळ्यात जास्त तिथेच जातो. म्हणून मी खालून वर जातो.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगतो. तुमचा कॅरियर नेमका कुठला? एकूण सुमारे 1,13,000 कॅरियर बनले, ब्रिटनसह कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. अमेरिकेत फोर्डने बनवलेला टी-16 दिसायला भाऊ वाटतो, पण त्याला प्रत्येक बाजूला चार चाकं असतात आणि वळवायची पद्धत वेगळी, तरफांची. तुमच्या वर्णनात स्टिअरिंग व्हील आहे आणि बाजूला तीन चाकं आहेत, म्हणून मी मूळ प्रकार धरून बोलतोय. दुसरं, तुम्हाला तो फक्त जपून ठेवायचाय, वर्षातून दोनदा मैदानात फिरवायचाय, की रस्त्यावर न्यायचाय? तिसरं, तुमच्याकडचा कायदा. लष्करी वाहन बाळगणं, त्यावरची बंदूक, रस्त्यावरची नोंदणी, यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ते स्पॅनर हातात घ्यायच्या आधी लेखी विचारून घ्या.

आणि एक गोष्ट कुठेही सारखीच: तळातल्या फळ्या, डबे, कोपरे टॉर्च लावून बघा. युद्धातल्या वाहनांत जुनी काडतुसं, कधी ग्रेनेडसुद्धा चिखलात रुतलेले सापडतात. तसं काही दिसलं तर हात लावू नका, हलवू नका, बाहेर या आणि पोलिसांना कळवा. निकामी दिसतंय हा आपला अंदाज इथे चालत नाही.

आता सँडब्लास्टिंग. ते वाईट नाही, पण पहिलं काम म्हणून ते केलंत तर त्या गाडीचं दफ्तर तुम्ही स्वतःच्या हाताने जाळाल. माझ्या दुसऱ्या कॅरियरच्या बाजूच्या पत्र्यावर मी सहाशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, बोटांच्या टोकांनी, तळहाताएवढ्या जागेत घासत बसलो होतो. वर कुणीतरी नंतर मारलेला चकचकीत हिरवा, त्याखाली मळकट हिरवट तपकिरी, त्याखाली नुसता तपकिरी. त्या तपकिरीवर एक पांढरी उभी रेघ उमटली. थोडं बाजूला सरकलो तर रेघेच्या डोक्यावर आडवी पट्टी. तो ‘टी’ होता. ब्रिटिश लष्कराच्या नोंदणी क्रमांकात कॅरियरसाठी हेच अक्षर पुढे असतं. दोन दिवसांत पूर्ण आकडा वाचता आला. रंगांचे थरही बोलतात: तपकिरी एससीसी 2 (एससीसी हा ब्रिटिश लष्करी रंगांचा संकेत) हा 1942 पासूनचा, ऑलिव्ह ड्रॅब एससीसी 15 हा 1944 पासूनचा, त्याआधी खाकी हिरवा. थर कुठल्या क्रमाने आहेत ते पाहिलं की गाडी कुठल्या वर्षांत सैन्यात होती याचा अंदाज बांधता येतो. वाळूच्या माऱ्याखाली हे सगळं काही सेकंदांत जातं आणि परत मिळत नाही. तेव्हा दोन्ही बाजू, पुढचा पत्रा आणि मागचा पत्रा असा हळूहळू घासून वाचा, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा, अक्षरांची उंची लिहून ठेवा.

जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासू नका. ब्रेकच्या लायनिंगमध्ये, एक्झॉस्टच्या गुंडाळ्यांत, गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरने धूळ उडवणं पूर्ण बंद. ओलं करून पुसा, योग्य फिल्टरचा मास्क लावा आणि तो कचरा वेगळ्या सीलबंद पिशवीत टाका. मीटरच्या तबकडीवरचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील तर त्यात रेडियम असू शकतं. अशी तबकडी उघडू नका, खरवडू नका.

मग ट्रॅक. हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, कारण इथेच मी एकदा फार मोठी चूक केली. पहिल्या कॅरियरवर मी दोन वर्षं इंजिनाला दिली. इंजिन सुंदर चालू झालं. गाडी बाहेर काढली, पहिल्याच वळणावर उजवा ट्रॅक स्प्रॉकेटच्या, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर चढला आणि ठणठण आवाज करत निसटला. कड्या वरून ठणठणीत दिसत होत्या. झीज दिसते ती मापात, डोळ्याला नाही.

हे ट्रॅक ‘कोरड्या पिनचे’ आहेत. लोखंडी ओतीव कड्या एकमेकींत अडकवून मधून पिन घातलेली असते. तिथे रबरी बुश नाही, ग्रीस नाही. धूळ आणि चिखल हेच वंगण, आणि तीच कानस. पिन झिजते, कडीचं भोक लंबगोल होतं, आणि प्रत्येक सांधा थोडा लांबतो. एका सांध्यात एक मिलिमीटर झीज धरली तर शंभर सांध्यांत ट्रॅक दहा सेंटिमीटर लांब झाला. लांबी वाढली ती आयडलर, म्हणजे ट्रॅक ताणून धरणारं पुढचं चाक, पुढे सरकवून ताणून घेता येते, पण खरी अडचण त्यात नाही. दोन कड्यांमधलं अंतर वाढलं की ते स्प्रॉकेटच्या दातांच्या अंतराशी जुळत नाही. मग दात कडीच्या खाचेत नीट बसण्याऐवजी तिच्या कडेवर चढतो.

मोजायचं असं. ट्रॅक सपाट जमिनीवर पसरा, एक टोक बांधा, दुसरं टोक चेन पुलीने ओढून ताणा. सैल ट्रॅक मोजलात तर झीज लपते, म्हणून ताण हवाच. एका पिनच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करून दहा कड्या पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत माप घ्या. प्रत्येक ट्रॅकवर पाच वेगवेगळ्या जागी, खडूने खूण करून. तुलनेसाठी एखादी न वापरलेली कडी मिळवा. तिच्या एका भोकाच्या डाव्या कडेपासून पुढच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंतचं माप कॅलिपरने घ्या आणि त्याला दहाने गुणा. दोन्हींतला फरक म्हणजे दहा सांध्यांची झीज. शिवाय चार-पाच पिना ठोकून बाहेर काढा. पिन हातात फिरवली की ती क्रँकशाफ्टसारखी पायऱ्यापायऱ्यांची झालेली दिसेल, जिथे कडीचे कान घासतात तिथे बारीक आणि मध्ये जाड. पिन बारीक पण भोकं गोल असतील तर नुसत्या नव्या पिनांवर काम भागतं. भोकंच लंबगोल असतील तर नव्या पिनांनी थोडा काळ निघेल, एवढंच.

नव्या कड्या मिळाल्याच तर त्या जुन्यांमध्ये चार इथे, सहा तिथे अशा विखरून घालू नका. अंतर वेगळं असलेली कडी स्प्रॉकेटवरून जाताना दर फेरीला धक्का देते आणि दात खाते. एका बाजूच्या ट्रॅकमध्ये शक्यतो सारख्या झिजेच्या कड्याच ठेवा. स्प्रॉकेटचे दात बघा: झिजलेला दात एका बाजूने पोखरून आकड्यासारखा वळतो, दुसरी बाजू जवळजवळ कोरी असते. रचना परवानगी देत असेल तर डावं-उजवं अदलाबदल करून ती कोरी बाजू कामाला लावता येते. मात्र नव्या ट्रॅकबरोबर झिजलेलं स्प्रॉकेट ठेवू नका, ते नव्या कड्या लवकर खाऊन टाकतं.

गंजून ताठ झालेल्या कड्यांसाठी मी विजेची पद्धत वापरतो: पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक कडीला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावरच करा, जवळ ठिणगी नको. आणि हीच पद्धत किंवा आम्ल स्प्रिंगांवर कधीही वापरू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं आणि स्प्रिंग वजनाखाली अचानक तुटते.

चाकांवर घट्ट चिकटवलेलं भरीव रबर असतं. तीस वर्षं एकाच जागी उभ्या गाडीत खालचा भाग चपटा होतो आणि रबर लोखंडापासून सुटतं. बोटाने कळत नाही. कडेला बोथट पातं लावून हलकं दाबून बघा, आत शिरलं तर जोड गेला. रबर नव्याने चढवून देणाऱ्या कारखान्यांकडे ते काम द्यावं, घरी चिकटवायचा प्रयत्न करू नये. बोगी, म्हणजे चाकं आणि स्प्रिंगा एकत्र धरणारी चौकट, खोलताना सावध राहा. हॉर्स्टमन पद्धतीच्या या सस्पेन्शनमध्ये जाड गुंडाळी स्प्रिंगा दाबून बसवलेल्या असतात. योग्य लांबीचा दाबाचा बोल्ट लावल्याशिवाय एकही नट सोडू नका. गाडी उचलल्यावर तिचा भार जॅकवर ठेवू नका. साडेतीन-चार टनांच्या लोखंडाखाली आडव्या-उभ्या रचलेल्या जाड लाकडी ठोकळ्यांचाच आधार घ्या.

यानंतर स्टिअरिंग आणि ब्रेक, जे इंजिनाच्या आधी झालेच पाहिजेत. या गाडीची वळण्याची युक्ती मला आजही थक्क करते. व्हील थोडं फिरवलंत की पुढच्या दोन चाकांच्या बोग्यांना जोडणारी आडवी नळी बाजूला सरकते, ट्रॅक धनुष्यासारखा किंचित वाकतो आणि गाडी ब्रेक न लावता सहज त्या बाजूला झुकते. व्हील आणखी फिरवलंत की आतल्या बाजूच्या ट्रॅकला ब्रेक लागतो आणि गाडी तिथल्या तिथे तीव्र वळते. म्हणजे इथे ब्रेक हाच स्टिअरिंगचा अर्धा भाग आहे. मागच्या एक्सलच्या ऑइल सीलमधून तेल एका ड्रममध्ये झिरपलं तर गाडी नुसती उशिरा थांबत नाही, ती एका बाजूला वळायला नकार देते किंवा थांबताना दुसऱ्या बाजूला खेचते. म्हणून दोन्ही बाजूंची लायनिंग एकाच वेळी, एकाच प्रतीची बसवा, सीलं नवी घाला, आणि आडवी नळी मोकळी सरकते का ते गाडी ठोकळ्यांवर असतानाच हाताने तपासा. बरेचदा तीच आतून गंजून जाम झालेली असते. मग चालवणारा बिचारा प्रत्येक लहान वळणालाही ब्रेक वापरतो आणि ड्रम तापवून ठेवतो.

इथवरचा क्रम एकत्र: ओळख पटवा, स्फोटकं नाहीत याची खात्री करा, रंग वाचून घ्या, कड्या मोजा, चाकं आणि स्प्रिंगा तपासा, नळी आणि ब्रेक मोकळे करा. एवढं झालं की गाडी इंजिनाशिवायही ट्रॅकवर ओढत हलवता येते आणि पुढचं काम मोकळ्या जागी करता येतं.

आता तुमच्या मनातला सांगाडा. चिलखती पत्रा 7 ते 10 मिलिमीटरचा, बहुतेक ठिकाणी रिव्हेटने जोडलेला. तो स्वतः सहसा गंजून जात नाही. गंज शिरतो दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या फटीत. तिथे गंज फुगतो, मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि रिव्हेटची डोकी उडवतो. अशी फट सँडब्लास्टिंगने साफ होत नाही, उलट तिच्यात वाळू बसते आणि ओल धरते. फट उघडायची तर त्या भागाचे रिव्हेट काढूनच. गॅस कटर चिलखताला लावू नका, तापलेल्या जागेचा कडकपणा जातो. वेल्डिंग अटळ असेल तर कोरडे ठेवलेले लो-हायड्रोजन रॉड वापरा, किंवा पोलाद कुठलं याची खात्री नसेल तर ऑस्टेनिटिक स्टेनलेस रॉड. पत्रा आधी सावकाश गरम करा आणि सावकाशच थंड होऊ द्या. साधा रॉड आणि घाई यांनी पडलेली भेग कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसते.

तळाच्या पत्र्याला बाक किंवा जुनं ठिगळ दिसलं तर ते लगेच सरळ करू नका. ती सुरुंगाची खूण असू शकते. 1941 च्या सुरुवातीला ॲबिसिनियात (आजचं इथिओपिया) बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत यांनी ताफ्याच्या सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये बसून चार दिवसांत 55 मैलांवरची 15 सुरुंगक्षेत्रं शोधली आणि साफ करून घेतली. त्यात दोनदा त्यांचा कॅरियर सुरुंगाने उडाला, सोबतची माणसं जखमी झाली, मारली गेली, आणि ते काम करत राहिले. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असा पातळ तळ आणि त्यावर बसलेली माणसं डोळ्यांसमोर ठेवली की वाकलेला पत्रा हा दोष वाटत नाही. मजबुतीला धोका नसेल तर मी तो फोटो काढून तसाच ठेवतो.

इंजिनाबद्दल त्या मानाने कमी काळजी करा. ते फोर्डचं साइड-व्हॉल्व्ह व्ही-8, 1932 मध्ये मोटारींसाठी आणलेल्या घराण्यातलं. बहुतेक कॅरियरमध्ये 221 घनइंचाचं, 85 अश्वशक्तीचं. तेच इंजिन मोटारींत आणि ट्रकांत वर्षानुवर्षं वापरलं गेलं, म्हणून सुटे भाग जुन्या फोर्डवाल्यांकडे मिळतात. गॅस्केट मागवण्याआधी हेडवरचे स्टड मोजा, 21 आहेत की 24.

जाम इंजिन स्टार्टरने फिरवू नका, गाडी ओढून तर मुळीच नाही. प्लग काढा, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा आणि आठवडाभर विसरा. मग क्रँक दोन्ही दिशांना अगदी थोडा, हलकेच हलवून बघा. बरेचदा पिस्टन मोकळे असतात आणि अडलेले असतात व्हॉल्व्ह. जोर लावलात तर व्हॉल्व्ह वाकेल. हेड उघडल्यावर व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जाणारी बारीक भेग शोधा. या इंजिनात एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीतून जातात, म्हणून ते तापतं आणि तिथेच तडकतं. ब्लॉकची दाबचाचणी करून घेतल्याशिवाय त्यावर पिस्टन-रिंगांचा पैसा घालू नका. पाण्याच्या पोकळीच्या तळाशी गंजाचा गाळ आणि कधी कधी कारखान्यातली मूळ ओतकामाची वाळूही घट्ट बसलेली असते. वाकवलेल्या तारेने खरवडून ती काढा. रेडिएटर नवा बसवूनही गाडी तापते, त्याचं कारण पुष्कळदा हा गाळ असतो.

इंजिन सांगाड्याच्या मध्ये, झाकणाखाली असतं. गळलेलं पेट्रोल बाहेर पडत नाही, तळात साचतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा नवा घाला, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं. तळाची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा. पहिल्यांदा चालू करताना झाकण उघडं, दोन आगविझवी हाताशी आणि एक माणूस फक्त तेवढ्यासाठी उभा.

खोलण्याआधी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: या गाडीवर दोन देशांचे आटे आहेत. सांगाड्यावर ब्रिटिश, इंजिनावर अमेरिकन. पाव इंची बोल्टवर दोन्हींचे भरड आटे इंचाला सारखेच असतात, पण आट्याचा कोन ब्रिटिशांचा 55 अंश, अमेरिकनांचा 60. त्यामुळे चुकीचा नट हाताने चढतो आणि ताणल्यावर आटे खातो. अर्ध्या इंचावर तर इंचाला 12 आणि 13 असा फरक आहे. प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात परत लावा किंवा त्या भागाच्या नावाच्या पिशवीत ठेवा. सगळे बोल्ट एका डब्यात टाकलेत तर दोन वर्षांनी बोल्ट ओळखण्यातच महिने जातात.

सुट्या भागांची मूळ पुस्तिका मिळवा. इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियमकडे अशा कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे, तिथे विचारून बघा.

वेळ? आठवड्याला एक पूर्ण दिवस आणि कधीमधी मदतीला दुसरी व्यक्ती, या हिशोबाने मला तीन ते सहा वर्षं लागली आहेत. फरक पडला तो मुख्यतः ट्रॅकच्या अवस्थेमुळे. म्हणून आज तरी सँडब्लास्टिंगवाल्याला थांबवा. पडलेला डावा ट्रॅक पसरून ताणा, दहा-दहा कड्यांची पाच मापं घ्या, चार पिना काढून त्यांचा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड व्यास मोजा, आणि स्प्रॉकेटच्या दातांचा बाजूने फोटो काढा. ते आकडे कळवलेत की नुसत्या पिनांवर भागेल की कड्याही शोधाव्या लागतील, हे नेमकं सांगता येईल.